वीतभर अंतरावरून

नाना पेठेत, लोखंडी जिन्याखालच्या दुकानात
दस्तगीर शिकलगारांनी काउंटरवर तीन गन मांडायला लावल्या.
मला म्हणाले, किंमत नंतर विचार,
आधी हातात धर.

पहिली चकचकीत, पण नाकाशी जड.
कप भरला की मनगट खाली ओढणार
आणि ते रात्री भाकरी थापताना कळणार.
मी बोलले नाही. त्यांनीच ती बाजूला सारली.

दुसरीचा कप खाली, जुन्या घडणीचा.
"ही बस रंगवायला. बकासुरासारखी हवा खाते,
आपल्या कॉम्प्रेसरला धाप लागेल."

तिसरी साधी. नोझल एक पॉइंट तीन.
त्यांनी ती काढून ट्यूबलाइटकडे धरली,
एक डोळा मिटून. मग दुसरा.
मग माझ्या तळहातावर ठेवली.
"तूच बघ. भोक गोल आहे?"

गोल होतं.
मला तेव्हाच कळायला हवं होतं.

शिवण्याच्या शेडमध्ये फरशी ओली केली, धूळ बसावी म्हणून.
कॉम्प्रेसरच्या पोटातलं पाणी सोडलं,
भिंतीला कालचा पेपर चिकटवला, छोट्या जाहिरातींचं पान.
बोट दाबायचं, एक म्हणायचं, सोडायचं.

पहिला डाग: मधे सगळा गोळा, कडा उपाशी.
"हवा वाढव."
दुसरा: दोन टोकांना रंग, मधे काहीच नाही.
"आता जास्त झाली. अर्धा आटा मागे."
तिसरा उमटला कण्हेरीच्या पानासारखा,
लांबट, दोन्हीकडे सारखा विरत गेलेला,
"वधू पाहिजे" आणि "गाळा भाड्याने"च्या मधोमध.
त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
"आवाज बसला," म्हणाले.

वारज्याच्या निमकरांची राखाडी मोटार.
डावं मागचं दार, बोळात कुणीतरी घासलेलं.
मेटॅलिक म्हणजे चुगलखोर रंग:
जवळून मारा, काळवंडतो,
लांबून मारा, पांढुरका आणि खरखरीत होतो.
"किती लांब?"
"एक वीत. माझी, तुझी नाही."
त्यांनी पंजा हवेत पसरला, मी माझा त्यावर ठेवला.
माझी वीत आणि दोन बोटं.

मनगट मोडायचं नाही. सबंध हात न्यायचा दाराच्या बरोबरीने.
दार संपलं तरी हात थांबवायचा नाही,
बोट तेवढं सोडायचं.
नवा पट्टा जुन्याच्या अर्ध्यावर झोपवायचा.

पण त्याआधी, नमुन्याचा पत्रा दाराशेजारी धरून
त्यांनी विचारलं, "शेड जुळली?"

या आठवड्यात चौथ्यांदा.
मला वाटायचं, परीक्षा घेतायत.
आज त्यांचे डोळे पत्र्यावर नव्हते,
माझ्या तोंडाकडे होते.

"जुळली" ओठांवर आलं होतं.
पत्रा घेऊन बाहेर गेले, उन्हात तिरका केला,
पुन्हा तिरका केला. सरळ पाहिलं तर एकच.
बाजूने मात्र आमचा राखाडी निळसर, त्यांचा नाही.
आत येऊन म्हणाले, चाचा, निळा चढलाय.
एक थेंब पिवळा टाकू?

बराच वेळ नुसता कॉम्प्रेसर.
"अर्धा टाक," म्हणाले.
"ढवळ. मग पुन्हा उन्हात जा."

तिसऱ्या दिवशी निमकर आले.
गाडीला एक फेरी मारली, चष्मा वर केला,
उजव्या पुढच्या दारावर हात फिरवून म्हणाले,
वा! नव्यासारखं केलंत हो.
आम्ही दोघांनीही काही सांगितलं नाही.
ते मेन रोडला वळेपर्यंत चाचा
फडक्याने कोरडेच हात पुसत राहिले.

संध्याकाळी मी गन खोलली.
सुई, नोझल, टोपी, एकेक थिनरमध्ये.
ब्रशने भोकं साफ करताना ते जवळ येऊन बसले.
"डॉक्टर म्हणतो, दोन्ही पिकलेत."
मग, जरा थांबून,
"तार घालू नकोस त्या भोकात. चरा पडतो."